कोपराचं माप

माझ्या मावशीचा हात दाराच्या वरच्या कडीला टाचा उंचावल्याशिवाय पोचत नाही. आमच्या आजोळच्या सगळ्याच बायका अशा. मीही त्यातलीच, म्हणून हे मी चेष्टेनं नाही, रागानं सांगतेय. उंच माणसांना वाटतं, जग आहेच असं. फळ्या, ओटे, खिडक्या, सगळं त्यांच्या हाताशी. आम्ही जन्मभर स्टुलं ओढायची आणि वर कुणी 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणालं की हसून दाखवायचं.

मावशी वेल्डर. गेट, ग्रिल आणि जिन्याचे कठडे करणाऱ्या एका कारखान्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. पातळ पाइप आला की तिलाच हाक. पातळ पाइपला आच जरा जास्त झाली की भोक पडतं आणि कमी झाली की जोड कच्चा राहतो. मावशीच्या हातून भोक पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण तिथली टेबलं सगळी पुरुषांच्या मापाची, त्यामुळे ती लाकडी खोक्यावर उभी राहून काम करायची. तिचं नावच पडलं होतं, खोकेवाली.

"मालक, माझ्या मापाचं एक टेबल करा की. लोखंड इथलंच, हात माझेच," असं ती अधूनमधून म्हणायची.

"करू ना. एवढी ऑर्डर जाऊ दे," मालक म्हणायचा.

ऑर्डरी जात राहिल्या, नव्या येत राहिल्या. कोपराला गूळ लावून ठेवायचा आणि चाट म्हणायचं, त्यातला प्रकार. दुसरी कुणी असती तर तिनं अशा मालकाला केव्हाच कोपरापासून हात जोडले असते. मावशी टिकली, कारण तिला ते काम मनापासून आवडायचं. मग एक दिवस खोक्याची फळी मोडली आणि ती हातातल्या वेल्डिंगच्या होल्डरसकट खाली आली. मनगट मुरगळलं. मालकानं खोकं भंगारात टाकलं आणि टेबल करायचं सोडून तिलाच हलवलं.

"मनगट बरं झालं की रंगाचं काम बघ," तो म्हणाला. "तुझी उंची वेल्डिंगला बसत नाही."

"माझी उंची बसत नाही, की तुमचं टेबल?" मावशीनं विचारलं. तिनं हातमोजे काढले, पिशवीत घातले आणि घरी आली.

जुनं वेल्डिंग मशीन तिच्याकडे होतंच. मनगट सुधारल्यावर तिनं घरामागच्या शेडमधली अडगळ बाहेर काढली आणि जाहीर केलं की आता स्वतःचं टेबल करणार आणि त्यावर स्वतःचं काम करणार. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, ट्रकवर ड्रायव्हर, माणूस लाखात एक, पण उंची इतकी की शेडचा दिवा त्यांच्या कपाळाला लागायचा. त्यांनीच चौकोनी पाइप आणला, येताना टेबलाचे पायही दुकानातून कापून आणले, आणि आपण फार मोठी मदत केली अशा चेहऱ्यानं उभे राहिले.

मावशीनं आधी वरची चौकट जुळवली. चारही कोपऱ्यांत नुसते टाके मारले, मग फीत लावून दोन्ही कर्ण मोजले. एक बोटभर जास्त भरला. तिनं त्या कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडी घातली, पुन्हा मोजलं, आणि मगच पक्के जोड द्यायला घेतले. एक जोड इकडे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात. सलग एकाच बाजूनं गेलं तर लोखंड तापून ओढतं आणि चौकट पिळवटते. मी तिथेच बसले होते. कित्येक दिवसांनी ती गुणगुणत होती.

मग तिनं एक पाय उचलला, स्वतःशेजारी उभा धरला, हात कोपरात वाकवला आणि कोपराच्या चार बोटं खाली खडूनं रेघ मारली.

काका दचकले. "अगं, हे काय? पाय बाजारच्या मापाचे आणलेत मी."

"बाजार उभा राहणार आहे का इथे वेल्डिंगला?"

"तसं नाही गं. उद्या नाही जमलं, तर विकता तरी येईल. बुटकं टेबल कोण घेणार?"

मला काकांचा इतका राग आला की काय सांगू! मावशीच्या मनातली भीतीच त्यांनी बोलून दाखवली होती. या वयात नाही चाललं, तर रंगाचा डबा घेऊन त्याच मालकाच्या दारात उभं राहायचं.

"अहो, अजून उभंही नाही राहिलं आणि तुम्ही विकायला काढलंत?" ती म्हणाली.

"कापलेलं परत जोडता येत नाही, एवढंच म्हणतोय."

"कुणाला येत नाही? मला येतं," मावशी म्हणाली आणि ग्रायंडर सुरू केला.

चारही पाय कापले गेले. आडव्या पट्ट्या लागल्या, वर जाड प्लेट बसली. काकांनी प्लेटवर उभं राहून पाहिलं, टेबल हललं नाही, त्यांचं डोकं तेवढं छताला आपटलं. आम्ही पोट धरून हसलो.

कामं आली, पण बेताची. कुणाची मोडकी खुर्ची, कुणाची खिडकीची जाळी. काका काळजीत होते, आणि खरं सांगायचं तर मीही होते. तेवढ्यात मालकाचा निरोप आला. पातळ पाइपच्या खुर्च्यांची मोठी ऑर्डर अडकली होती, पोरं भोकांवर भोकं पाडत होती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. यात गाढव कोण, ते विचारू नका. निरोप एवढाच होता की टेबल केलंय, येऊन बघ.

आम्ही दोघी गेलो. टेबल खरंच केलं होतं. मावशी त्याच्यापुढे उभी राहिली, कोपर वाकवून पाहिलं. माप बरोबर होतं. तिनं प्लेटवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, संपलं, ही आता इथेच राहते.

"बघ, केलं की नाही?" मालक खुशीत म्हणाला. "उद्यापासून ये."

"चांगलं झालंय," मावशी म्हणाली. "पण मी नाही येणार. पाइप माझ्या शेडवर पाठवा, खुर्च्या करून देते."

"मालकानं वेल्डरच्या दारात काम घेऊन जायचं?"

"नसेल जमत तर राहू दे."

मालकाचा चेहरा पडला. "मग हे टेबल मी कुणासाठी केलं?"

"माझ्यामागून कुणीतरी बुटकी येईल कामाला. तिला पहिल्याच दिवशी द्या."