यात तुझं काय बी न्हाई

कौतुक केलं की चोरी पकडल्यासारखा ओशाळणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमचा घरमालक निघावा हे माझं नशीब. नशीब म्हटलेलंही त्यांना चालत नाही. "नशीब न्हाई सर, कृपा म्हणा," असं ते लगेच दुरुस्त करतात. माझी बदली अहमदपूरच्या शाळेत झाल्यापासून आम्ही या काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. एका दवाखान्यात ते जन्मभर कंपाउंडर होते. अजूनही पार जळकोटकडची माणसं घर शोधत येतात आणि "काका, तुमच्या हातानं वाचलो," म्हणून पाया पडू लागतात. काका दोन पावलं मागं सरकतात. "माझ्या हातानं तर तुला सुई दुखली व्हती. वाचवणारा दुसरा हाय."

देवाची कृपा कमावता येत नाही, हक्कानं मागता येत नाही, ती त्याच्या मर्जीनं मिळते आणि तिची परतफेड तर होतच नाही, हा त्यांचा सिद्धांत. चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा लातूरहून येतात. बाकीचे रविवार काकाच उपासना चालवतात आणि पाच माणसांना हेच समजावून सांगतात. त्या पाचांतल्या दोघींना ऐकू येत नाही. सिद्धांत आमच्या स्वयंपाकघरापर्यंतही पोचलाय. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. काका आमच्या पुरणपोळ्या मिटक्या मारत खातात आणि डबा लख्ख घासून रिकामाच आणून देतात. बायकोनं एकदा टोकलं तर म्हणाले, "ताई, कृपेला उलट आहेर नसतो. घ्यायचं अन् गप बसायचं." तिनं त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली, पण पुढच्या सणाला डबा गेलाच.

त्यांच्या मुलाची गोष्ट निघाली की मात्र मला हसू येत नाही. काकी गेल्या तेव्हा तो आठवीत होता. काकांनी त्याला रांधून घातलं, शिकवलं. बारावीला पोरगं तालुक्यात पहिलं आलं, तर यांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं, "यात तुझं काय बी न्हाई," असं बजावलं आणि आभाराची प्रार्थना केली. इंजिनिअर झाला तेव्हा तेच, नोकरी लागली तेव्हाही तेच. लेकराला गर्व होऊ नये, एवढाच हेतू. मुलगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. नाताळला दोन मिनिटं फोन करतो, घरी येत नाही. काका एकटेच दारावर कागदी तारा लावतात, एकटेच नाताळची गाणी म्हणतात. भिंतीपलीकडून ते मला ऐकवत नाही.

गेल्या महिन्यात मुलाला बढती मिळाली. काकांना ते कळलं एका नातेवाइकाकडून. दुपारी ते माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "सर, खरं सांगा. पोराला शाबास म्हणलं तर देवाचं काय कमी व्हतंय का?"

मी म्हणालो, "कृपा देवाचीच असेल काका, पण अभ्यासाला जागलं कोण?"

"हाव, त्योच. लाइट गेली की कंदील घेऊन मी बसायचो बाजूला."

त्यांनी तिथंच फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू केला.

"बाळा, तू लई कष्ट केलेस रे. शाबास."

 पलीकडून घाबराघुबरा आवाज आला, "पप्पा, तुम्ही आजारी आहात का? लपवू नका. मी निघतो आजच."

काकांची तब्येत ठणठणीत होती. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिटलं.

"ये," एवढंच म्हणाले.

फोन ठेवला. "सर," त्यांनी हळूच विचारलं, "म्या खोटं तर न्हाई ना बोललो?"