मामीचं नाक आणि कॉफीचं मशीन

माझी मामी साबणाच्या कारखान्यात वास घेते. ती काय काम करते असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो, आणि समोरचा हसतो. पण खरंच तसं आहे. प्रत्येक खेपेतला एक साबण तिच्या टेबलावर येतो, ती तो नाकाशी धरते आणि "जाऊ दे" किंवा "ठेव बाजूला" म्हणते. तेवढ्यावर ट्रक हलतात किंवा हलत नाहीत. म्हणून तापातून उठलेल्या मामीचं सोमवारी कामावर जायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता: नाक शाबूत आहे ना? विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

मामीनेही स्वतःला तो विचारला नाही. तिने दोषी धरलं ते कॉफीच्या मशीनला.

"कॉफी नुसती पाण्यासारखी लागतेय. मशीन बिघडलंय."

आता पंचाईत अशी की मशीन खरोखरच बिघडलं होतं. कॉफीपूड भरलेला दांडा बसवून बटण दाबलं की कडेने गरम पाणी ओघळायचं. मामीचं म्हणणं खोटं म्हणावं, तर ओटा ओलाचिंब. खरं म्हणावं, तर काल दूध करपलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीतून धावत आलो आणि ही बाई गॅसकडे पाठ करून निवांत फोनवर बोलत होती.

शनिवारी तिने मशीन टेबलावर उताणं पाडलं.

"मामी, दुरुस्तीवाल्याला बोलवू या का?"

"तो तरी काय करणार? हेच. वर मलाच अक्कल शिकवणार. तू टॉर्च धर."

टोच्याने तिने दांड्याच्या वरची रबरी रिंग उपसून काढली. मऊ असायची ती बांगडीसारखी कडक झाली होती. "चोर सापडला!" मामी म्हणाली. मग सायट्रिक ॲसिडचं पाणी मशीनमधून सोडलं, तर आतून पांढरा चुरा येतच राहिला. एवढे क्षार पोटात घेऊन हे चालत कसं होतं, कोण जाणे. दुकानातून आणलेली नवी रिंग पहिल्यांदा उलटी बसली आणि मला आंघोळ घडली. दुसऱ्यांदा नीट बसली. मामाने जाळी आणि टाकी धुऊन आणून दिली, मामीने स्क्रू आवळले आणि बटण दाबलं.

ओटा कोरडा! आणि कपात असा दाट फेस की मशीनने जन्मात काढला नव्हता.

मामीने घोट घेतला. थांबली. आणखी एक घेतला.

"कशी झालीये?" तिने आम्हालाच विचारलं.

"फक्कड!" मामा म्हणाला. पण मामाच्या साक्षीला काडीची किंमत नाही. लग्न झाल्यापासून त्याने करपलेलं, कच्चं, खारट, सगळंच फक्कड म्हटलंय. त्याशिवाय संसार होत नाही, असं त्याचं मत.

"कडू आहे," मी म्हणालो. मी चहावाला. मला कुठलीही कॉफी काढ्यासारखीच लागते.

"एक नवरा, एक भाचा, आणि दोघांच्याही जिभा भाड्याने दिलेल्या!" मामी कप घेऊन तरातरा बाहेर पडली. तिने समोरच्या बाईंची बेल वाजवली, तेव्हा मात्र मी चाट पडलो. आमच्या पडद्यांना त्या "चादरी" म्हणाल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. पण खरं तोंडावर बोलणारं माणूस जिन्यात तेवढं एकच.

"जरा पिऊन सांगा. मशीनमध्ये दोष आहे का माझ्यात."

बाईंनी कप ओठांपर्यंतही नेला नाही. "अहो, यात गुलाब कशाला घातलाय?"

"गुलाब?"

"साबणाचा वास येतोय. दार उघडल्या उघडल्या आला."

मामीने कप परत घेऊन नाक जवळजवळ फेसात बुडवलं. मागून मामा पुटपुटला, "अगं, जाळी तेलकट होती... तुझ्याच गुलाबाच्या साबणाने घासली. टाकीपण. नंतर विसळली होती. बहुतेक."

आमच्या घरभर कायम त्याच साबणाचा दरवळ, म्हणून मला आणि मामाला वेगळं काही जाणवलंच नव्हतं. हसावं की काय करावं मला कळेना. म्हणजे मशीनही दोषी आणि नाकही. पण मशीनचा दोष मामाने घडवलेला, आणि तो गुलाब मामीनेच टेबलावर पास केलेला.

"तरी चव फक्कडच—"

"तुम्ही एक शब्द बोलू नका." मामीने कप पुन्हा बाईंच्या हातात दिला आणि तिथेच उभ्याउभ्या साहेबांना फोन लावला. "सोमवारी येते, साहेब. पण टेबलावर दुसऱ्या कुणालातरी बसवा. मला वास येत नाहीये... नाही, अजिबात नाही. परत कधी येईल ते डॉक्टरला विचारते. तोवर पॅकिंगला द्या, काहीही द्या."

बाई दारातच उभ्या. "मग ही कॉफी ओतू कुठे?"

"आमच्या बेसिनमध्ये ओता. या आत." मामीने डोळे पदराने पुसले आणि आत जाऊन टाकी नळाखाली धरली. "मी धुते, वास तुम्ही घ्या. या दोघांचा काही भरवसा नाही."

बाई टाकीवर वाकल्या. "अजून आहे."

मामीने नळ पुन्हा सोडला.