आमच्या घरात शुगर कुणालाच नव्हती

आमच्या खानदानातला ऑनलाइनचा माणूस मी. तसा मी मुदखेडला एका शाळेत भूगोल शिकवतो, नांदेडहून रोज ये-जा करतो. पण कुणाला कुकरची रिंग हवी असो, की लातूरच्या दाजींना कंबरेचा पट्टा, फोन मलाच. "तुला त्यातलं लई कळतं रे," असं आक्का एकदा म्हणाली होती. माझ्यासारख्या माणसाला तेवढं वाक्य जन्मभर पुरतं.

मायला शुगर होती. सकाळ-संध्याकाळ गोळी, तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, आणि घरी बोटाला टोचून आकडा बघायचं छोटं मशीन. मशीनच्या पट्ट्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून यायच्या. एक दिवस त्याच कंपनीचा, तोच निळ्या अक्षरांचा डबा मला मोबाइलवर निम्म्याहून कमी भावात दिसला. मी गुपचूप मागवला असता तरी चाललं असतं. पण नाही. मी मेडिकलवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोबाइल दुकानदाराच्या नाकापुढे धरला.

"बघा, कसं लुटून राहिले तुम्ही लोकांना!"

तो बिचारा म्हणाला, "सर, विकणारा कोण हाय ते तरी बघून घ्या."

"आम्हाला शिकवू नका," मी म्हणालो. विकणाऱ्याचं नाव मी आजतागायत नीट वाचलेलं नाही. मी तारे मोजले होते, साडेचार होते.

नवीन पट्टी लावली आणि मायचा आकडा, जो एरवी दोनशेच्या खाली यायला तयार नसायचा, तो एकशे अठरा आला. दुसऱ्या आठवड्यात एकशे एकवीस. मी रविवारी तिला विष्णुपुरीच्या धरणाकडे फिरवायला न्यायचो, कारल्याचा रस पाजायचो. सगळं श्रेय मी या दोन गोष्टींमध्ये, म्हणजे स्वतःमध्ये वाटून टाकलं. महिनाभरानं तिची संध्याकाळची गोळी बंद केली. मीच. तीन महिन्यांची तपासणीही बंद केली, कारण घरात मशीन असताना लॅबवाल्याचं घर कशाला भरायचं? त्या डब्याखाली अभिप्रायही लिहिला, मायच्या हसऱ्या फोटोसकट : "आईची शुगर एकदम कंट्रोल. बिनधास्त घ्या." खाली कुणीतरी विचारलं होतं, आकडा खरा येतो का? मी उत्तर दिलं होतं, शंभर टक्के.

दसऱ्याला आम्ही लातूरला आक्काकडे गेलो. पुरणपोळ्या झाल्या आणि मी मशीन काढलं. सगळ्यांना रांगेत बसवून टोचलं. आक्का एकशे वीस. भाची एकशे सतरा. दूध ओतून चार पोळ्या हाणलेले दाजी, ज्यांचं पोट त्यांच्याआधी दारातून आत येतं, एकशे एकोणीस. घरात नुसता जल्लोष.

"रक्तच चांगलंय आपलं," मी जाहीर केलं.

"सगळ्यांचं एकसारखं कसं काय?" बायको हळूच म्हणाली.

"संस्कार," मी म्हणालो, आणि लोक हसले. दाजी आमच्या रक्ताचे नव्हतेच, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी कुणालाच सुचली नाही. बायको मात्र हसली नव्हती.

थंडी सरता सरता माय म्हणू लागली, "पायाला मुंग्या येऊन राहिल्यात रे." मग म्हणाली, "चप्पल निसटून जाती अन् मला कळतच न्हाई." दर वेळी मी मशीन आणायचो. दर वेळी एकशे अठराच्या आसपास.

एकदा वैतागून मी म्हणालो, "हे बघ आकडा. माय, तुझा पाय खोटं बोलून राहिलाय."

तिनं आधी पायाकडे पाहिलं, मग मशीनकडे. "हाव बाबा. मशीन कशापायी खोटं बोलंल?"

त्यानंतर तिनं पायाची तक्रार केली नाही. मला वाटलं, बरी झाली.

एप्रिलमध्ये घरात कुरडयांचा घाट. आमच्याकडच्या एप्रिलात भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. माय तिथं उभी राहून कुरडया उलटत होती, निवांत. मी जिन्यातून पाहिलं आणि बायकोला कौतुकानं म्हणालो, "बघ, जुनी हाडं. आपल्यानं होईल का?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरशी पुसताना बायकोला ओले, पिवळट डाग दिसले. अंथरुणापासून मोरीपर्यंत, एकाच पायाचे. मायचा उजवा तळवा भाजून फुटला होता, आतून पू येत होता, आणि तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

दवाखान्यात नर्सनं बोट टोचलं. चारशे बारा. मी खिशातून आमचं मशीन काढलं, मायला पुन्हा टोचलं. एकशे एकवीस.

"तुमचं मशीन बिघडलंय," मी नर्सला सांगितलं. आवाज जरा वरच्या पट्टीतच लागला, वर्गातला. बाकड्यावरचे पेशंट बघू लागले. एक तरुण डॉक्टरीण पुढं आली. तिनं माझ्या डब्यातली पट्टी घेतली, टेबलावरच्या कपातल्या चहाचा थेंब तिच्यावर टेकवला आणि मशीन माझ्या हातात दिलं. एकशे एकोणीस.

"अभिनंदन, काका," ती म्हणाली. "चहालासुद्धा डायबेटिस नाही."

बाकड्यावर कुणीतरी फिसकन हसलं. माय तिथंच खाटेवर होती. तिला दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येतं.

आधी दोन बोटं काढली. मग पाचही. मग डॉक्टर म्हणाले, अर्धं पाऊल गेल्याशिवाय वरचा पाय वाचत नाही. त्या दिवसांत मी दवाखान्याच्या जिन्यात बसून विकणाऱ्याला शोधत होतो. ते दुकान तिथं उरलंच नव्हतं. तक्रारीला उत्तर आलं की परत करायची मुदत संपली आहे आणि माझा अनुभव त्यांच्यासाठी मोलाचा आहे. माझा अभिप्रायही डब्यासोबत गायब झालेला. तो वाचून आणखी किती जणांनी आपापल्या मायांना टोचलं असेल, हे विचारायची सोयच राहिली नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं.

मग लातूरहून आक्का आली. खाटेपाशी उभी राहून तिनं आधी पायाच्या पांढऱ्या बँडेजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आकडे तर लई छान यायचे ना रे? मग असं झालंच कसं?"

खरं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी घसा खाकरलाही होता. पण माय आधी बोलली.

"म्या खाल्लं."

"काय खाल्लं?"

"गूळ. पेढे. हा शाळेला गेला की चोरून खायची."

"अन् मशीनमध्ये कसं आलं न्हाई मग?"

मायनं अंगावरची चादर सारखी केली. उभ्या आयुष्यात तिला धड खोटं बोलता आलेलं नाही. "टोचायच्या आधी दोन दिस कडक राहायची," ती म्हणाली. "मला ठावं होतं ना, कवा टोचतो ते."

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "म्हातारपणी चोऱ्या! लेक एवढा करतो, बाहेरून पट्ट्या मागवतो, अन् तू त्याला फसवती? भोग आता!" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मान हलवू लागली. बायको खिडकीतून बाहेर बघत राहिली. आक्का माझ्याकडे वळली, मी काहीतरी बोलावं म्हणून. आणि मी बोललो.

"किती वेळा सांगितलं हिला," मी म्हणालो. "ऐकती का?"

मायनं डोळे मिटून घेतले. तिला झोप आली असेल, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय.

आता माय लातूरला असते. नांदेडला लक्ष राहत नाही, चोरून खाते, असं ठरलं आहे. आक्का तिला जिवापाड जपते, म्हणजे साखर, गूळ, शेंगदाण्याच्या चिक्कीसकट सगळं कपाटात कुलपात ठेवते आणि किल्ली कमरेला लावते. आलेल्या-गेलेल्याला मायच्या देखत सगळी कथा सांगते. पोरं खाऊ हातात आला की ओरडतात, "आजी आली, लपवा!" माय कुबडी टेकत त्यांच्या अंगावरून पुढे जाते. मी महिन्यातून एकदा भेटायला जातो. ती मला विचारते, जेवलास का? पायाचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही.

मागच्या खेपेला भाचीचा वाढदिवस होता. आक्का केकच्या ताटल्या वाटत निघाली. मायपाशी आली तशी ती थांबली, आणि ताटली तिच्या डोक्यावरून पलीकडे दाजींच्या हातात देत म्हणाली, "हिला नको. हिनं आपला वाटा आधीच खाऊन ठेवलाय."

सगळे हसले. दाजी तर ठसका लागेपर्यंत. मायही हसली, तोंडाला पदर लावून. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी साधं, मी हसतोय की नाही एवढंच बघितल्यासारखं.

मी हसलो, आणि माझ्या केकसाठी हात पुढे केला.