एक तास पंचवीस मिनिटं

देवदत्त ओगले स्पेनला कधीही गेलेला नाही. तरी तिथल्या पिकोस दे यूरोपा या डोंगररांगेत कुठली वाट दुपारी धुक्यात बुडते, कुठल्या खिंडीत जुलैतही बर्फ असतं आणि चुनखडीच्या त्या कोरड्या दगडांत पाणी नेमकं कुठे मिळतं, हे तो अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या घरी डायनिंग टेबलाशी बसून घडाघडा सांगेल. ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ तिथेच गुरं राखून मोठा झाला. प्रत्यक्षात गृहस्थ सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, वय एक्कावन्न, आणि दिवसातले दोन तास हायवेवर ब्रेक दाबण्यात जातात.

कॉलेजात असताना त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी सह्याद्री पालथा घातला होता. पुढे रवींद्र आणि बाळ पुण्यातच राहिले, शंतनू लंडनला गेला आणि देवदत्त अमेरिकेत आला. बारा वर्षांपूर्वी चौघांनी ठरवलं की अधूनमधून स्पेनमध्ये भेटायचं आणि डोंगर चढायचे. तिघं जात राहिले. देवदत्तचं घोडं व्हिसावर अडलं. पहिली दोन-तीन वर्षं सुट्टीच मिळाली नाही. मग एकदा पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का घ्यायला तो भारतात गेला तर कागद कुठेतरी अडकला आणि तो नऊ आठवडे तिथेच लटकला. इकडे बायको हिमानी आणि लहानगी अनिका, नोकरी जाता जाता वाचली. परत आल्यावर त्याने कानाला खडा लावला: ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर पुण्यातली दोन लग्नं आणि स्वतःच्या काकांचं तेरावं त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं.

मग करायचं काय, तर वाटा आखायच्या. हे काम त्याने स्वतःकडे घेतलं आणि कोणी मागितलं असतं तरी दिलं नसतं. त्याची पद्धत उलटी होती. तो आधी उतरायची वाट आखायचा, मग चढायची. अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं तर शिखराकडे पाठ कधी फिरवायची, ती वेळ तो लाल अक्षरांत लिहायचा. त्या वेळेला शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी मागे फिरायचं, यात दयामाया नाही.

सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं. पहिल्या वर्षी देवदत्तने घराजवळच्या केनेसॉ डोंगरावर, पाठीवर वीस पाउंडांची तांदळाची पिशवी बांधून, दोनदा वर-खाली केलं. एक तास पंचवीस मिनिटं लागली. ते त्याने एक्सेलच्या पहिल्या चौकटीत टाकलं आणि पुढचे सगळे तास त्यावरून निघू लागले. बाकीच्यांनीही प्रत्येक खेपेआधी तेवढंच ओझं घेऊन तेवढंच चढायचं आणि वेळ कळवायची. दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील, पण एक तास पस्तीसच्या वर ज्याला लागेल तो शिखरावर जाणार नाही. पुण्यातले दोघं सिंहगडावर चढत. लंडनला डोंगर नाही म्हणून शंतनू एका चौदा मजली इमारतीचे जिने चढे, तिथले शेजारी त्याला वेडा समजत.

तीन वर्षांपूर्वी बाळने एक तास बावन्न मिनिटं कळवली. देवदत्तने नियमावर बोट ठेवलं. रवींद्र आणि शंतनू वर गेले आणि बाळ खालच्या विश्रांतिगृहाच्या ओट्यावर सहा तास बसून राहिला. "तुझा नियम आहे, ठीक आहे," एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतर मात्र तो स्पेनला गेला नाही. कधी मुलीची परीक्षा निघाली, कधी पाठ धरली. ही निमित्तं आहेत हे देवदत्तला कळत होतं, पण त्याने तिकडे कानाडोळा केला.

या फेब्रुवारीत ग्रीन कार्ड आलं. अंगणातल्या तणाबद्दल सोसायटीने पाठवलेली नोटीस आणि सुपरमार्केटची कुपनं यांच्या मधोमध तो लिफाफा होता. हिमानीने कार्डाला हळदकुंकू लावून ते देवापुढे ठेवलं. देवदत्त सोफ्यावर बसला. आनंद व्हायला हवा होता, पण इतकी वर्षं वाट पाहिल्याचा शीण तेवढा अंगावर आला. त्याला नुसतं झोपावंसं वाटलं.

"बाबा, यू कॅन फायनली गो," अनिका म्हणाली.

"हो, जाणार ना," देवदत्त म्हणाला. "जुलैत. तोरे सेरेदो."

तोरे सेरेदो हे त्या रांगेतलं सगळ्यांत उंच शिखर. बारा वर्षं त्याने ते राखून ठेवलं होतं. मित्रांना बाकी सगळीकडे पाठवलं, पण तिथे आपल्याशिवाय कोणी जायचं नाही असं त्याने मनाशी धरलं होतं. आता फक्त नियमाप्रमाणे वेळ लावायची होती. एका शनिवारी सकाळी तांदळाची पिशवी सॅकमध्ये घालून तो केनेसॉला गेला. पहिल्याच वळणावर त्याला धाप लागली. दुसऱ्या फेरीत तान्ह्या मुलाला बाबागाडीत घेऊन निघालेली एक बाई "गुड मॉर्निंग" म्हणून त्याच्या पुढे निघून गेली. उतरताना गुडघे असे दुखले की कठड्याला धरून थांबावं लागलं. दोन तास दहा मिनिटं.

गर्दी होती, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुढच्या शनिवारी गर्दी नव्हती. दोन तास बारा.

रविवारी सकाळी तो लॅपटॉप उघडून बसला. पहिल्या चौकटीत त्याचा जुना आकडा होता, बारा वर्षांपूर्वीचा. तो तसाच राहू दिला असता तर कोणाला कळलं नसतं. केनेसॉला त्याच्यामागे घड्याळ घेऊन कोण उभं होतं? त्याने बराच वेळ आकड्याला हात लावला नाही. शिखर पाहिजे होतं, अगदी लहान मुलासारखं पाहिजे होतं.

सहज म्हणून त्याने इतरांचे आकडे काढले. रवींद्र: एक तास तेहेतीस. पुढच्या खेपेला तेहेतीस. त्याच्या पुढच्या खेपेला चौतीस. शंतनू दर खेपेला चौतीस, मर्यादेच्या एक मिनिट आत. बारा वर्षांत एकाचंही वय वाढलं नव्हतं. एरवी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

मग त्याने जुने व्हॉट्सअ‍ॅप उघडून "पोचलो" या निरोपांच्या वेळा पाहिल्या. प्रत्येक वेळी ते आराखड्यापेक्षा तास-दीड तास उशिरा पोचत आणि प्रत्येक वेळी हा इथून झापत असे, चहा कमी करा, फोटो कमी काढा. त्याने पहिल्या चौकटीत एक तास पन्नास घालून पाहिलं. सगळ्या वर्षांच्या वेळा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळल्या. ते दोघं इतकी वर्षं बाळच्याच चालीने चालत होते. खरी वेळ कळवली होती ती एकट्या बाळने, आणि त्यालाच खाली बसवलं गेलं. एका वर्षी दोघं धुक्यात टॉर्च लावून उतरले होते, ते देवदत्तला आठवलं. त्यांना धुक्यात नेणारा आकडा त्याचा स्वतःचा होता.

त्याने बाळला फोन लावला. पुण्यात तेव्हा संध्याकाळ होती.

"बोल देवा. झालं का प्लॅनिंग?"

"बाळ, माझी वेळ दोन तास दहा आलीय."

"नीट मोजलीस का?"

"दोनदा. आणि ऐक ना, रवींद्र आणि शंतनू खोट्या वेळा देत होते. इतकी वर्षं. तुला ठाऊक होतं?"

"होतं रे. त्या वर्षी सिंहगडावर रवींद्र आणि मी बरोबरच चढलो. तो माझ्या मागे होता."

देवदत्तला राग आला, पण रागावण्याइतकीही शक्ती नव्हती. "मग बोलला का नाहीस, यार? तू तिथे सहा तास ओट्यावर बसलास. मी तुला बसवलं."

"काय बोलणार?" बाळ म्हणाला. "तुला येता येत नव्हतं. तू तिकडे डायनिंग टेबलाशी बसून आमच्यासाठी वाटा काढत होतास. आम्ही वर चालायला लागलो की रवींद्र म्हणायचा, देवा पुढे गेलाय, पावणेदहाला खिंडीत पोचला असेल, चला. त्या एक तास पंचवीसमध्ये तू आमच्याबरोबर होतास. तो आकडा चुकीचा आहे हे तुला सांगायचा मला धीर झाला नाही."

स्वयंपाकघरात हिमानीने गॅस बारीक केला आणि ती दाराशी येऊन उभी राहिली. देवदत्तने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तोरे सेरेदो नाही जमायचं," तो शेवटी म्हणाला. "माझ्या चालीने रात्र होईल."

"नको ना मग. त्या ओट्यावरून एक लहानशी खिंड दिसते. सहा तास तीच बघत होतो. तिथपर्यंत किती लागतील, काढ."

"तू येशील?"

"तू खरी वेळ घालणार असशील तर येतो."

फोन ठेवल्यावर देवदत्तने नवीन पान उघडलं. सवयीप्रमाणे त्याने आधी उतरायची वाट आखली. मग पहिल्या चौकटीत आपोआप आलेला जुना आकडा पुसून त्याने तिथे दोन तास दहा मिनिटं लिहिलं, त्यावरून निघालेली परत फिरायची वेळ लाल अक्षरांत घातली, आणि त्याखाली, जाणाऱ्यांच्या यादीत, बाळच्या नावानंतर बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं.