दहा मीटरच्या पलीकडचं

आधीच सांगतो, असले अनुभव मी आजवर चहाबरोबर हसायला वाचत आलो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभी नोकरी टर्बाइनशेजारी गेली. तिथे एखादं भूत असतं, तरी मला हाका मारून दमलं असतं... माझ्या रिटायरमेंटला अजून अवकाश आहे, कान मात्र आधीच रिटायर झाले.

आता दोन्ही कानांत वायरलेस यंत्रं आहेत. सोबत एक छोटा क्लिप-माइक. तो समोरच्याच्या कॉलरला लावला की त्याचा आवाज थेट माझ्या कानात, असं विकताना सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी मान वळवली तरी सिग्नल जातो. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हिचं स्वयंपाकघरातलं बोलणं हॉलपर्यंत पोचत नाही. (ही म्हणते, पोचतं, उत्तर तेवढं येत नाही.)

तर आमचा कराओके ग्रुप आहे. त्यात प्लँटवरचा माझा मित्र सुधाकर आणि मी जोडीने जुनी गाणी गातो. क्लिप-माइक मी स्पीकरजवळ ठेवतो. सिग्नल गेला की अंदाजाने पुढचं कडवं सुरू करतो, म्युझिक मागाहून येतं. लोक टाळ्या वाजवतात. मला वाटायचं, कौतुकाने.

नामपूरला सुधाकरच्या मेहुण्यांची एकसष्टी होती, तिथे आमचं गाणं ठरलं. मी झब्बासुद्धा शिवला. आदल्या दिवशी सुधाकरचा फोन आला — "अण्णा, कार्यक्रम कॅन्सल. मेहुण्यांची तब्येत बिघडलीय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हॉलमध्ये बसलो होतो, ही शेजारी मेथी निवडत होती. टीव्ही बंद. मोबाइल आत, स्विच ऑफ करून चार्जिंगला. आणि अचानक दोन्ही कानांत... आमच्या गाण्याचा ट्रॅक. खरखर नाही, तुटणं नाही. यंत्रं घेतल्यापासून इतका स्वच्छ आवाज मी ऐकला नव्हता. सुधाकर गात होता. माझ्या ओळी दुसराच कोणी गात होता — आणि खरं सांगायचं तर बरा गात होता. टाळ्या झाल्या. कोणीतरी अहिराणीत म्हणालं, "चला रे भो, पंगत बसनी." मग सुधाकर, अगदी कानाशी —

"अण्णा असता ना, तर आपलं गाणं संपायच्या आत तो जेवायला बसला असता."

हशा.

"त्याला कॅन्सल सांगितलं तेच बरं झालं."

मला वाटलं, तालमीनंतर गप्पा मारताना लावलेला माइक त्याच्याच शर्टाला राहिला. उठून ड्रॉवर उघडला. माइक तिथेच होता, बॅटरी पार उतरलेली. आणि शर्टाला असता तरी काय... नामपूर सटाण्याच्याही पुढे, इथून शंभरेक किलोमीटर.

परत येऊन बसलो. कानात आता काहीच नव्हतं. हिला म्हटलं, "नामपूरला पंगत बसली."

मेथीवरचा तिचा हात थांबला.

"कोणी सांगितलं तुम्हाला? सुधाकर भाऊजी तर म्हणाले होते, कोणी बोलणार नाही..."

"तुलाही माहीत होतं?"

"लोक हसतात हो तुम्हाला. मला नाही बघवत."

एवढं बोलणं मात्र यंत्राने एक अक्षर न गाळता पोचवलं.

कानाच्या क्लिनिकमधल्या मुलीने सगळं तपासलं. "काका, दहा मीटरच्या बाहेर शक्यच नाही." मी म्हटलं, "बाळ, दहा मीटरच्या आतही होत नाही, ते आधी बघ." बाकी त्या संध्याकाळचा उलगडा तिलाही झाला नाही, मलाही नाही.

पुढच्या आठवड्यात सुधाकर घरी आला. हिने सांगितलं असणार. मी नेहमीसारखा माइक त्याच्या कॉलरला लावला. तो म्हणाला, "अण्णा, नामपूरचं खरं कारण असं की..."

आणि सिग्नल गेला.

खरंच गेला, मी काही बंद केलं नाही. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. आवाज परत आला तेव्हा तो विचारत होता, "...पटतंय ना?"

मी मान हलवली.