मोटेलच्या खोलीतला कौल

सुटून चार दिवस झाले होते आणि मला काहीच सुचत नव्हतं. दारू पिऊन गाडी चालवली, एका माणसाचा पाय कायमचा गेला आणि मला तीन वर्षं तुरुंगवास झाला. सुटलो तो ऐन लॉकडाऊनमध्ये. सुटलेल्यांना पुन्हा माणसांत आणणाऱ्या एका संस्थेने इथेच परदेशात, वेरिबी नावाच्या उपनगरातल्या मोटेलात खोली दिली. संस्थेची मार्गारेट, सत्तरीची बाई, रोज सामान घेऊन यायची. दार आपल्यालाही उघडता येतं हे माझ्या लक्षातच राहत नसे. तिने ठोठावलं की मी आत नुसता उभा राहायचो, आणि ती बाहेरून हाका मारायची.

माझ्या मुलीचा, सईचा नवा नंबर तिनेच मिळवून दिला होता. सई सोळा वर्षांची. महामारीत तुरुंगातल्या भेटी थांबल्या, मग मीच लाजेने फोन करणं सोडलं. आता करावा, की पोरीला सुखाने राहू द्यावं?

आमच्या कोकणात असा पेच पडला की देवाला कौल लावतात. खिडकीतून हाताला येणाऱ्या कुंपणावरच्या गुलाबाच्या दोन पाकळ्या भिजवून मी माझ्याजवळच्या गणपतीच्या तसबिरीवर चिकटवल्या. उजवी पडली तर फोन करायचा, डावी पडली तर नाही. तासभर हात जोडून बसलो. एकही पडेना. देवानेही मला टाकलं असं वाटून मी रडलो.

तेवढ्यात टकटक झाली. त्या दिवशी कसा कोण जाणे, मी स्वतःच उठलो आणि दार उघडलं. वारा आत शिरला. दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या.

गोंधळून मी दारातल्या मार्गारेटला सगळं सांगितलं. ती मास्कमधून म्हणाली, “तुझ्या देवाचं मला कळत नाही, लव्ह. पण वीस मिनिटं मी इथेच उभी आहे. तू नंबर लाव.”

मी लावला. पहिल्याच रिंगला तिकडून फोन उचलला गेला.

“सई...”

“बाबा? मार्गारेटने सांगितलं होतं, तू मंडेला सुटलास ना? आज थर्सडे आहे! आय वॉज वेटिंग, बाबा.”

त्या पाकळ्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. देवाने हो म्हटलं, की त्याला माझा प्रश्नच पटला नाही? एवढं मात्र कळलं, की मी देवावर भार टाकला नव्हता, त्याच्या आड लपलो होतो. त्याने तरीही मार्गारेटला त्याच वेळी धाडलं, याचे उपकार कसे फेडू? फोन करू की नको, हे मी देवाला विचारत बसलो होतो, आणि माझी लेक चार दिवस फोन हातातून खाली ठेवत नव्हती.