टेकाडावरचा एलिसेओ

एलिसेओ आयालाच्या हाताखाली बुलडोझर लोण्यासारखा चालायचा. कार्पिन्तेरियाच्या किनाऱ्यावर कुठे डोंगराची कड कापायची असली की हमखास त्यालाच बोलावणं यायचं.

तो चुमाश होता, म्हणजे गोरे ज्यांना इंडियन म्हणत त्या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, पण घरापुरता. बापाने लहानपणीच बजावलं होतं, "बाहेर कोणी विचारलं तर मेक्सिकन म्हणून सांगायचं. इंडियन म्हटलं की काम मिळत नाही, वर शिव्या मिळतात." बापाची बहीण बेनिग्ना आत्या मात्र कुणाला भीक घालायची नाही. जुनी भाषा येणारं तिच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. ओकची फळं कुटताना ती एकटीच त्या भाषेत बोलत बसायची. एलिसेओला त्यातल्या फक्त शिव्या कळायच्या.

समुद्रालगतच्या टेकाडावर बंगले बांधायचं काम निघालं. तिथे आपले पूर्वज पुरलेले आहेत, हे आत्याला ठाऊक होतं. ती रोज सकाळी कुंपणाशी येऊन उभी राहू लागली. एलिसेओ तिच्याकडे न बघता मशीनवर चढायचा.

एका सकाळी पात्याखालची माती काळी, शिंपल्यांनी भरलेली लागली. पुढच्या फेरीला कवटी वर आली. शेजारी शिंपल्यांच्या बारीक मण्यांची माळ. एलिसेओने मशीन थांबवलं.

मुकादम डोलन धावत आला. "का थांबलास?"

"खाली माणसं आहेत, साहेब."

"होती म्हण." डोलन हसला. "तुझे कोणी लागतात का? तू इंडियन आहेस की काय?"

कुंपणाशी आत्या उभी होती. हाकेच्या अंतरावर.

"नाही साहेब. मेक्सिकन."

"मग चल, चालव."

त्याने चालवलं. इंजिनाच्या आवाजात पात्याखालचं काही ऐकू येत नव्हतं, पण दांड्यातून हाताला कळत होतं.

दुपारी आत्याने हाक मारली. फडक्यात मक्याची तोर्तिया आणि घेवडा बांधून आणला होता.

"खा."

"आत्या, मी..."

"आधी खा."

तिने मेल्या, मुडद्या म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. घास तोंडातच फिरत राहिला.

"ऐकलंस तू?" त्याने शेवटी विचारलं.

"कान आहेत मला."

"पोरंबाळं आहेत गं घरात."

"त्यांनाही होती," टेकाडाकडे मान करून ती म्हणाली, आणि फडकं झटकून निघून गेली.

एलिसेओ तडक डोलनकडे गेला, किल्ली त्याच्या हातात ठेवली. "मी चुमाश आहे. पुढे चालवणार नाही."

"सकाळी मेक्सिकन होतास की! म्हातारीने जेवणात काय घातलं?"

सगळे खदखदा हसले. संध्याकाळपर्यंत दुसरा माणूस आला आणि त्याने अर्धं टेकाड सपाट केलं. मग आत्या चार नातेवाइकांना घेऊन मशीनपुढे बसली, तेव्हा कुठे काम थांबलं. तपासायला नेलेली हाडं वर्षभराने परत मिळाली, पुन्हा पुरायला.

त्या दिवशी एलिसेओ सगळ्यांच्या मागे उभा होता.

"पाहुण्यासारखा काय उभा? ये, पेटी उचल," आत्या म्हणाली.

"माझ्या हातून नको."

"तुझ्याच हातून निघाले ना? मग तुझ्याच हातून जाऊ देत."

त्याने उचलली. पेटीत दोन माणसांची हाडं एकत्र झाली होती, कुणाचं कुठलं ते सांगता येत नव्हतं. ते त्याच्याच पात्याने झालेलं होतं. आत्याने जुन्या भाषेत प्रार्थना म्हटली. मध्येच अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. एलिसेओने मान वर केली नाही.

पुढे तो लिंबाच्या बागांत मजुरी करू लागला. गावातली तरुण मंडळी अभिमानाने सांगायची, "एलिसेओकाकांनी मशीन थांबवलं!" तो चिडायचा. "दुपारी थांबवलं. सकाळचंही सांगा की."

त्याची मुलगी ती प्रार्थना शिकायला आत्याकडे जायची. तो तिला सोडायला यायचा आणि बाहेर गाडीतच बसून राहायचा. खिडकीतून शब्द ऐकू यायचे.

"अरे, आत ये की!" आत्या दारातून ओरडायची.

"इंजिन तापलंय, आत्या. थंड होऊ दे," तो म्हणायचा, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहायचा.